रजिस्टर कुणाकडे तोंड करून आहे?

प्रश्न : ताई, मी बी.एस्सी. नर्सिंग केलं, मग सहा महिन्यांचा कोर्स करून दीड वर्षापासून एका उपकेंद्रात सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गाव माझ्या माहेरापासून आठ किलोमीटरवर, म्हणजे निम्मी माणसं ओळखीची. परवा एक सासूबाई ओपीडीत येऊन सरळ विचारत्या झाल्या, "आमच्या सुनेनं तुझ्याकडून कसल्या गोळ्या नेल्या?" मी काहीबाही बोलून वेळ मारून नेली, पण रात्री झोप लागली नाही. हेल्थकेअर एथिक्सचा एक ऑनलाइन कोर्स दिसलाय, फी अठरा हजार. दादा म्हणतो, त्यापेक्षा जर्मन शीक. कोर्सचा करिअरला उपयोग होईल का?

उत्तर : अठरा हजार आत्ता भरू नकोस. त्यामागचं कारण मात्र नीट वाच, कारण तुझा प्रश्न मला फार मोलाचा वाटला.

कॉलेजात तू चार तत्त्वं पाठ केली असशील : रुग्णाचा स्वतःचा निर्णय, त्याचं भलं, त्याला इजा न करणं आणि न्याय. ती खोटी नाहीत. पण त्यांची उदाहरणं बहुतेक मोठ्या हॉस्पिटलातली असतात : व्हेंटिलेटर कधी काढायचा, अवयव कुणाला द्यायचा. आपल्याकडे या विषयावर बोलताना मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या नर्स अरुणा शानभाग यांचं नाव निघतंच. तिथल्या परिचारिकांनी आपल्या सहकारी नर्सला चार दशकांहून जास्त काळ जपलं, तो इतिहास तू वाचच. पण तुझ्या उपकेंद्रात व्हेंटिलेटर नाही. तुझ्याकडे टेबल आहे, टेबलावर रजिस्टर आहे आणि समोरच्या बाकावर बसलेल्या बायकांना ते उलट्या बाजूनेही वाचता येतं.

मी स्वतः नर्स नाही. पण एका दवाखान्यात खच्चून भरलेल्या बाकांसमोर "ते शुगर वाढलेले कोण?" असा पुकारा ऐकून माझे वडील उठले नव्हते. नंबर गेला, आम्ही घरी आलो. पुकारणारी मुलगी वाईट नव्हती. नाव किंवा नंबर पुकारला असता तरी भागलं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

सपाट भागात पाच हजार आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. एवढ्याशा वस्तीत गुपित राखणं शहरापेक्षा दसपट अवघड. सासू तुझ्या आत्याची मैत्रीण, सून तुझ्या वर्गातली, आशाताई दोघींची शेजारीण. रुग्णाला तू आयुष्यात पुन्हा भेटणार नाहीस, हे पुस्तकातलं गृहीतक तुझ्याकडे लागू पडत नाही.

आता सासूबाईंचं. सून सज्ञान असेल तर तिने काय नेलं हे तिचं. गोळ्यांसाठी नवऱ्याची किंवा सासूची परवानगी लागत नाही. गर्भपाताच्या कायद्यातही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर डॉक्टरने तिचं नाव उघड करणं हा गुन्हा आहे. एचआयव्हीबाबतही २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यामुळे वेळ मारून नेण्याची गरज नाही. "काकू, तुमच्या बीपीचं मी कुणाला सांगत नाही, तसंच हेही," एवढं हसून म्हण. त्या रागावतील. आठवड्याभराने स्वतःचं एखादं दुखणं घेऊन येतील, कारण इथलं बाहेर जात नाही हे त्यांना कळलेलं असेल.

खरी कसोटी सोळा वर्षांची मुलगी यूपीटी किट, म्हणजे गर्भधारणा तपासायचं किट मागायला आली की लागते. तिथे गप्प बसणं चालत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास शिक्षा आहे. पण कळवलं की मुलीचं नाव गावभर होईल, या भीतीने ती भोंदूकडे जाते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात त्यातून एक वाट काढली : अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने व पालकांनी विनंती केली, तर नोंदणीकृत डॉक्टरला पोलिसांना कळवताना तिची ओळख देण्याची गरज नाही. ही सवलत डॉक्टरची आहे, तुझी नाही. म्हणून पहिला फोन एमओंना, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्यांना, आणि मुलीला आधीच सांगायचं की हे मला एकटीला ठेवता येणार नाही. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊन मग मोडणं सगळ्यांत वाईट.

नसबंदीच्या टार्गेटबद्दल तू लिहिलं नाहीस, तरी मी लिहिते. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात नसबंदी शिबिरांनंतर १३ बायका दगावल्या. त्यानंतर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं आणि संमतीपत्र बाईला समजेल अशा भाषेत हवं, हेही बजावलं. मार्चअखेर आकडा भरायची घाई होईल तेव्हा सही घेण्याआधी तिला काय समजलं ते तिच्याच तोंडून वदवून घे. आणि ते ग्रुपवर टाकायचे फोटो! कामाचा पुरावा म्हणून गरोदर मातांचे चेहरे व्हॉट्सअॅपवर जातात. त्यांना विचारतं कोण? पाठमोरा फोटो चालतो का, हे मासिक सभेत विचारून तर बघ.

मग शिकायचं कसं? एक वही घे. आठवड्यात अडलेला एक प्रसंग नावगाव न घालता लिही : काय झालं, मी काय केलं, दुसरं काय करता आलं असतं. महिन्यातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या अनुभवी सिस्टरसोबत त्यावर बोल. मुंबईहून निघणारं 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' ऑनलाइन फुकट वाचता येतं. इंग्रजी जड वाटेल, पण प्रत्यक्ष घटनांवरचे लेख समजतात.

करिअरचं सांगायचं तर नुसत्या 'एथिक्स'च्या नोकऱ्या आपल्याकडे हाताच्या बोटांवर. पण तुला वर्षाहून जास्त अनुभव झालाय, म्हणजे एम.एस्सी. नर्सिंगचं दार उघडं आहे. कम्युनिटी हेल्थ नर्सिंग घे, प्रबंधाला उपकेंद्रातली गोपनीयता हा विषय घे. वहीतलं तिथे कामी येईल. पुढे नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागलीस, तर हा विषय रटाळ न करता शिकवणारं माणूस त्यांना हवंच असतं. जैवनीतिशास्त्राची पदविका करायचीच असेल तर ती त्यानंतर, विद्यापीठाची, आणि फी व मान्यता तपासून.

दादाचंही अगदी चूक नाही. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी महाराष्ट्र सरकारचा मनुष्यबळाचा करार २०२४ मध्ये झालाय आणि त्यात नर्सिंगही आहे. नर्स म्हणून तिथे साधारण बी-टू, म्हणजे मध्यमच्या वरच्या पातळीची भाषा लागते, म्हणजे नोकरी सांभाळून दीडेक वर्ष धर. जायचं मनात असेल तर आजच क्लास लाव. नसेल, तर दादासाठी शिकू नकोस.

आणि उद्या ओपीडी सुरू व्हायच्या आधी टेबल भिंतीकडे सरकवून बघ.