चोर दुकानातच सापडला, दोन फटके दिले, आता तोच केस करतोय. दुकानदाराने करायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सतरा-अठराचा एक पोरगा तुमच्या दुकानात माल पिशवीत टाकताना सापडला. तुम्ही दोन-चार फटके दिले, फोटो व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला आणि सोडून दिलं. आता त्याच्या घरचे उलट तुमच्यावरच केस करू म्हणतायत. पोलीस असल्या चोऱ्यांची दखलच घेत नाहीत, मग आपण हातावर हात ठेवून बसायचं का?

ग्रुपवरचा तो फोटो आधी डिलीट करा, उत्तर मग वाचा. प्रकरण चौकशीला गेलं आणि पोरगा अठराच्या आतला निघाला, तर त्याची ओळख पटेल असं काहीही पसरवणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. अठराच्या वरचा असला तरी कोर्टात काही सिद्ध होण्याआधी त्याला ‘चोर’ म्हणून फिरवलंत, तर बदनामीची तक्रार करायला तो मोकळा आहे.

मी वकील नाही. इलेक्ट्रिकल मालाचं दुकान आहे, बावीस वर्षं गल्ल्यावर बसतोय, आणि तुम्ही केलंत तेच मीही केलेलं आहे.

२०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी अडीचचा सुमार, मी आतल्या खोलीत जेवायला बसलेलो, काउंटरवर एकटा कामाचा पोरगा. गिऱ्हाईक आलं आणि वरच्या रॅकवरचा पंखा काढून दाखव म्हणालं. पोरगा शिडीवर चढला. ही युक्ती जुनी आहे. ज्याला माल घ्यायचा असतो तो आधी भाव विचारतो, ज्याला उचलायचा असतो तो तुम्हाला शिडीवर चढवतो. कोपऱ्यातल्या गोल आरशात पोराला दिसलं, खालच्या फळीवरचे एमसीबीचे (लोड वाढला की आपोआप पडणारे स्विच) दोन बॉक्स आणि वायरचं एक बंडल पिशवीत गेलं. तो वरूनच ओरडला. माणूस उंबऱ्यावर सापडला.

मग जे होतं तेच झालं. शेजारचे दोघे धावले, समोरचा आला, आणि ज्याच्या दुकानातून कधी एक स्क्रू गेला नव्हता तो सगळ्यात जोरात मारत होता. आदल्या महिन्यात माझी चार बंडलं गेली होती. ‘ती कुठे विकलीस, बोल,’ असं म्हणत मीही एक ठेवून दिली. लपवत नाही.

ठाण्यात गेलो तर ठाणे अंमलदारांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या माणसाला उजेडात उभं केलं आणि पहिला प्रश्न विचारला, “ओठ कुणी फोडला?” मी चोरीचं सांगायला लागलो. त्यांनी पेन खाली ठेवलं. “ते लिहून घेतो साहेब. आधी ओठाचं सांगा.”

त्याला मेडिकलला पाठवलं. दोन जखमा कागदावर आल्या. तोवर त्याचा भाऊ येऊन बसला होता. माल साडेतीन हजारांचा, म्हणून माझी एनसी झाली, म्हणजे अदखलपात्र. भावाने मारहाणीची दुसरी एनसी लिहायला लावली. साडेसातच्या सुमारास आम्ही दोघं आपापल्या एनसीची प्रत घेऊन एकाच दारातून बाहेर पडलो. तो माझ्या पुढे होता.

त्या रात्री मला पोलिसांचा भयंकर राग आला होता. पुढे कलमं वाचली तेव्हा निम्मा राग उतरला, निम्मा अजून आहे.

उतरला तो यामुळे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात साध्या चोरीचं कलम ३०३. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण मालाची किंमत पाच हजारांच्या आत असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून फक्त समाजसेवा. पाच हजारांच्या आतली अशी चोरी आता अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. अदखलपात्र म्हटलं की पोलीस रजिस्टरला नोंद घेऊन तुम्हाला दंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगतात. त्यांच्या आदेशाशिवाय तपास करायचा अधिकारच पोलिसांना नाही. म्हणजे ‘दखल घेत नाहीत’ ही आपली तक्रार पुष्कळदा कायद्यात छापलेली असते. समाजसेवेच्या तरतुदीवर दुकानदार मंडळी चिडतात. मला ती वाईट वाटत नाही. पहिल्यांदा हात मारलेला माणूस दोन महिने तुरुंगात राहून आला तर तिथून काय शिकून येईल ते सांगायला नको. अडचण वेगळी आहे: समाजसेवा सुनावायला आधी खटला चालून दोष सिद्ध व्हावा लागतो, आणि एनसी तिथवर पोचतच नाही.

राहिलेला राग कलम ३०५ चा. माणसं राहतात किंवा माल ठेवला जातो अशा इमारतीतून चोरी झाली, तर ती साधी चोरी नव्हे. शिक्षा सात वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, आणि तिथे पाच हजारांची अट नाही. आता सांगा, चार भिंती आणि शटरच्या आत ज्यात माल ठेवलाय, त्या दुकानाला दुसरं काय म्हणायचं? माझ्या एनसीत ‘दुकानातून’ हा शब्दही नव्हता. ‘फिर्यादीच्या कब्जातील’ असं लिहिलं होतं. मी न वाचता सही केली.

टेबलापलीकडून बघितलं तर तेही कळतं. एफआयआर झाला की पंचनामा आला, पंच शोधणं आलं (आपल्यातलाच एकही पंच व्हायला तयार नसतो), जबाब, मुद्देमाल, रिमांड, दोषारोपपत्र. त्यात बंदोबस्त लागला की तपास अधिकारी आठवडाभर ठाण्यातच नसतो. शिवाय दाखल गुन्ह्यांचा आकडा वाढलेला कुठल्याच वरिष्ठाला आवडत नाही. त्यामुळे ज्याची एनसी होऊ शकते त्याची एनसी होते. पण दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्येच सांगितलंय. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे तपास आणि खटल्याची पद्धत सांगणाऱ्या कायद्यात, तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मुभा पोलिसांना आहे. ठाण्यात घेतलंच नाही तर पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयात लेखी द्यायचं, तिथेही नाही तर दंडाधिकारी. पाठवलंत की पोच जपून ठेवा.

टोळी असेल तर न्याय संहितेचं कलम ११२ बघा. किरकोळ संघटित गुन्हा म्हणून ते नवीनच आलंय आणि त्याच्या स्पष्टीकरणात दुकानातली उचलेगिरी नाव घेऊन लिहिलेली आहे. एक ते सात वर्षं. दोघी बायका काउंटरवर साड्या पसरायला लावतात आणि तिसरी पिशवी भरते, हा प्रकार त्यात बसतो. मात्र ते टोळीतले आहेत हे दाखवावं लागतं.

आता मारण्याचं. आपल्या मालाचं रक्षण करायचा हक्क तुम्हाला आहे, न्याय संहितेचं कलम ३५ तसं म्हणतं. चोराला दारात अडवणं, पिशवी धरणं, झटापट झाली तर रेटणं, सगळं त्यात येतं. पण हा हक्क माल हाती येईपर्यंत, किंवा पोलिसांची मदत मिळेपर्यंत, किंवा चोर माल घेऊन निसटेपर्यंतच टिकतो. आणि रक्षणाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, हे कलम ३७ मध्ये आहे. माझे एमसीबी पिशवीतून काढून काउंटरवर ठेवले त्या क्षणी माझा हक्क संपला होता. माझी चापट त्यानंतरची.

त्याहून वाईट म्हणजे मी ती कशासाठी मारली. आधीचा माल कुठे आहे हे वदवून घेण्यासाठी. कबुली किंवा माल काढून घेण्यासाठी कुणालाही इजा करणं हे कलम १२० आहे, सात वर्षांपर्यंत. ते फक्त पोलिसांसाठी नाही, कुणालाही लागू होतं. म्हणजे साडेतीन हजारांच्या चोरीत त्याला फार तर समाजसेवा आणि मला सात वर्षांचं कलम, असा हिशेब होऊ शकला असता. अंमलदारांनी ते लावलं नाही. मी त्यांना शिव्या घालत घरी गेलो होतो.

पकडून ठेवण्याचंही असंच आहे. आपल्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर सामान्य माणूसही अटक करू शकतो, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३. विनाकारण उशीर न करता, आणि कितीही झालं तरी सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. पण पाच हजारांच्या आतली साधी चोरी या दोन्हीत बसत नाही, तिथे ही अटक तुम्हाला वाचवणार नाही. इमारतीतली चोरी बसते. म्हणून पोलिसांच्या ११२ नंबरला फोन करताना ‘दुकानाच्या आत चोरी करताना पकडलाय’ असं सांगा, कॉलची वेळ लिहून ठेवा आणि माणसाला गोडाऊनमध्ये कोंडू नका, दर्शनी जागेत खुर्चीवर बसवा. कोंडलंत की न्याय संहितेचं कलम १२७, बेकायदा कोंडून ठेवणं. त्याचे खिसे, पिशवी स्वतः तपासू नका, बाई असेल तर अजिबातच नाही. आणि ‘दहा हजार दे, मिटवतो’ असं म्हणू नका. ते खंडणीकडे जातं. तुम्ही तसं काही घेतलं असेल, तर वकिलाला पहिल्या वाक्यात तेच सांगा.

रात्रीचं शटर वेगळं. सूर्यास्तानंतर कुणी कुलूप तोडून आत शिरत असेल तर कायदा दुकानदाराला बराच जास्त हात देतो, न्याय संहितेच्या कलम ४१ मध्ये प्रसंगी चोराचा जीव गेला तरी बचाव आहे. पण लागेल तेवढंच, ही अट तिथेही सुटत नाही. ती वाचून शटरला करंट सोडायची अक्कल कुणी लढवू नये. आमच्या लाइनीत एकाने मला वायर किती लागेल हेही विचारलं होतं. बिहारमधल्या एका प्रकरणात घरमालकाने लोकांनी आपलं संडास वापरू नये म्हणून वाटेत विजेची उघडी तार लावली, एक बाई गेली, आणि १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम ठेवली. तार चोर आणि कचरा वेचणारं पोर यांत फरक करत नाही. मी त्याला वायर विकली नाही.

गेल्या वर्षी माझ्याकडे पुन्हा गेला माल, या वेळी माणूस हाती लागला नाही, फक्त कॅमेऱ्यात. मी घरूनच अर्ज लिहून नेला: दुकानाच्या इमारतीत साठवलेला माल, फळी क्रमांक, वेळ, खरेदी बिलांच्या प्रती. फूटेजच्या पेन ड्राइव्हसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र (रेकॉर्डिंग कुठल्या यंत्रातून कसं घेतलं ते सांगणारं) जोडलं, त्याशिवाय फूटेजचं कोर्टात काही खरं नसतं. अंमलदार दुसरेच होते. वाचून म्हणाले, “कुणी लिहून दिलं?” ३०५ खाली एफआयआर झाला, प्रत फुकट मिळाली. माल अजून मिळालेला नाही, मिळेल असं वाटतही नाही. विम्यातूनही नाही, कारण घरफोडीची पॉलिसी सहसा कुलूप तोडल्याची खूण मागते. पण आता डीबी पथकातला, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकातला, एक पोलीस अधूनमधून येतो, फूटेज बघतो, आणखी दोन दुकानांतलं दाखवतो. चालण्याची ढब तीच आहे म्हणतो.

तुमच्या बाबतीत: त्याच्या घरच्यांनी मारहाणीची तक्रार दिली आणि दुखापत साधी असली, तर ती बहुधा एनसीच होईल. घाबरून त्यांच्या दारात जाऊ नका, माणसं घेऊन तर मुळीच नको. तुम्ही अजून तक्रारच दिलेली नाही, ती आजच द्या, उशीर का झाला तेही लिहा. मारलं असेल तर ‘मारलं नाही’ असं लिहू नका, फूटेजमध्ये ते असेल. पोरगा अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाच्या वाटेने जाईल, सहसा एफआयआरही होत नाही. साधी चोरी आणि साधी मारहाण दोन्ही तडजोडपात्र आहेत, पण तडजोड कागदावर आणि वकिलासमोर.

आणि तुमचा डीव्हीआर किती दिवसांनी जुनं रेकॉर्डिंग पुसतो ते आत्ता जाऊन बघा. माझा पंधरा दिवसांनी पुसायचा. त्या चार बंडलांच्या वेळचं फूटेज मी सोळाव्या दिवशी शोधायला बसलो होतो.