कोऱ्या पानावरचा कोड: सत्रअखेरच्या प्रोग्रामिंग परीक्षेविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची आहेत. लेखी पेपर आणि शेवटची असाइनमेंट दोन्ही एकाच पंधरवड्यात आल्याने प्रश्नही सगळे त्याभोवतीच फिरतात. उदाहरणं पायथनची घेतली आहेत; सी किंवा जावात जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न: वर्गात फळ्यावर कोड लिहिला की सगळं कळतं. नोट्स वाचतानाही कुठे अडत नाही. पण कोरं पान समोर आलं की पहिली ओळही सुचत नाही. हातात दहा दिवस आहेत. काय करू?

आतापर्यंत तुम्ही कोड वाचायचा सराव केला आहे, लिहायचा केलेला नाही. त्यामुळे या दहा दिवसांत नवीन काही वाचायला घेऊ नका. वर्गात सोडवून दिलेलं एक उदाहरण घ्या, प्रश्न तेवढा उघडा ठेवून उत्तर झाका आणि कागदावर पेनाने, २० मिनिटांची वेळ लावून, पूर्ण उत्तर लिहा. अडलात तरी झाकलेलं उघडू नका. अडलेल्या जागी साध्या मराठीत ‘इथे सर्वांत मोठी संख्या शोधायची’ असं लिहा आणि पुढे जा.

मग तो कोड जसाच्या तसा, चुकांसकट, टाइप करा. टाइप करताना हात आपोआप चुका दुरुस्त करत जातो. तो मोह आवरा. परीक्षेत तुम्हाला गुण मिळणार आहेत ते कागदावरच्या कोडला, आणि त्यात नेमकं काय राहून जातं हे तेव्हाच दिसतं. आलेली प्रत्येक एरर वहीत नोंदवा: काय लिहिलं, काय हवं होतं, का चुकलं. बहुतेकांच्या वहीत त्याच तीन-चार चुका फिरून फिरून येतात. दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण एक अट बदलून पुन्हा लिहा.

कोणती उदाहरणं घ्यायची? सुरुवातीच्या अभ्यासक्रमातले बरेचसे प्रश्न थोड्याच मूळ साच्यांतून तयार होतात: मोजणी, बेरीज, सर्वांत मोठं किंवा लहान शोधणं, एखादी गोष्ट सापडली की थांबणं, अटीत बसणारं तेवढं निवडणं, दोन किमतींची अदलाबदल, संख्येचे अंक सुटे करणं आणि लूपमध्ये लूप. शब्दातले स्वर मोजा म्हटलं की ती मोजणी अधिक एक अट. ‘दुसरी सर्वांत मोठी संख्या शोधा’ हा परीक्षकांचा आवडता प्रश्न, कारण तो सोपा वाटतो आणि दोन जागी फसवतो. नवी मोठी संख्या आली की जुनी पहिली आधी ‘दुसरी’त टाकायची आणि मगच ‘पहिली’ बदलायची. क्रम उलटला तर दोन्हींत एकच किंमत राहते. शिवाय पहिलीपेक्षा लहान पण दुसरीपेक्षा मोठी संख्या आली तर त्यासाठी वेगळी अट लागते. ती नसेल तर [७, ३, ५] या यादीत ५ कधी सापडतच नाही. आणि ‘मोठी = ०’ अशी सुरुवात करू नका: [-४, -९, -२] दिल्यावर उत्तर ० येईल, जे यादीत नाहीच. सुरुवातीची किंमत यादीतल्या पहिल्या घटकाची घ्या.

प्रश्न: ‘खालील कोडचं आउटपुट लिहा’ या प्रकारात माझे हमखास गुण जातात. कोड समजतो, तरी उत्तर चुकतं.

बहुधा तुम्ही कोड काय करायचा प्रयत्न करतो आहे ते ओळखता आणि तेवढ्यावर उत्तर लिहिता. परीक्षकाने मुद्दाम एक ओळ इकडची तिकडे केलेली असते. यावर उपाय एकच, तक्ता. प्रत्येक व्हेरिएबलला एक स्तंभ, लूपच्या अटीला एक स्तंभ, आणि दर फेरीला एक नवी ओळ. जुनी किंमत खोडून तिथेच नवी लिहू नका, खाली लिहा.

संख्येच्या अंकांची बेरीज घ्या. संख्या ३०५२, बेरीज ०. संख्या शून्याहून मोठी असेपर्यंत: आधी संख्येला १० ने भागून उरलेली बाकी बेरजेत मिळवायची, मग संख्येला १० ने पूर्णांकात भागायचं. तक्त्यात बेरीज २, ७, ७, १० अशी वाढते आणि संख्या ३०५, ३०, ३, ० अशी घटते. चार फेऱ्या, उत्तर १०. आता लूपमधल्या त्या दोन ओळींची अदलाबदल करा. आधी भागलं की शेवटचा अंक २ बेरजेत येण्याआधीच गळतो: बेरीज ५, ५, ८, ८ अशी जाते आणि उत्तर ८. नुसत्या नजरेने वाचणारा इथे १० लिहून मोकळा होतो.

याच कोडमध्ये पूर्णांक भागाकाराच्या ‘//’ ऐवजी ‘/’ असेल तर पायथनमध्ये भागाकार दशांशात होतो. संख्या ३०५.२, मग ३०.५२ अशी होत जाते, शून्यावर पोचायला तीनशेहून जास्त फेऱ्या लागतात आणि बेरीज निरर्थक येते. सीमध्ये मात्र दोन्ही बाजू पूर्णांक असल्या की ‘/’ पूर्णांकच देतो. ऋण संख्यांचाही फरक ध्यानात ठेवा: -७ भागिले २ चा पूर्णांक भागाकार पायथनमध्ये -४ आणि बाकी १, सी आणि जावात तो -३ आणि बाकी -१.

पायथनच्या पेपरात आणखी दोन सापळे हमखास असतात. ‘ख = क’ लिहिल्याने लिस्टची प्रत तयार होत नाही, एकाच लिस्टला दोन नावं मिळतात; ‘ख’मध्ये घटक घातला की तो ‘क’मध्येही दिसतो. तक्त्यात अशा वेळी लिस्ट एकदाच लिहा आणि दोन्ही नावांपासून तिच्याकडे बाण काढा. दुसरा सापळा म्हणजे लिस्टवर लूप चालू असताना तिच्यातलेच घटक काढणं. [२, ४, ५] मधून सम संख्या काढायला गेलात तर [४, ५] उरते. २ काढल्यावर ४ सरकून त्याच्या जागी येतो, लूप मात्र पुढच्या जागेवर गेलेला असतो, म्हणून ४ तपासलाच जात नाही.

प्रश्न: असाइनमेंट माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालते. सबमिट केल्यावर आपोआप तपासणारी यंत्रणा शून्य देते. तक्रार कोणाकडे करायची?

तक्रारीआधी तपासा, कारण यातली बहुतेक कारणं तुमच्या हातातली असतात.

पहिलं कारण आउटपुटचं. यंत्रणा तुमचा मजकूर अपेक्षित मजकुराशी जुळवून पाहते, अनेकदा अक्षरशः. ‘संख्या द्या:’ अशी सूचना छापलीत तर तीही आउटपुटमध्येच जाते. ओळीच्या शेवटची मोकळी जागा, ‘बेरीज =’ असा स्वतःहून घातलेला शब्द, १० ऐवजी १०.०, एवढ्यावरही गुण जातात. यासाठी नमुन्याचं इनपुट एका फाइलमध्ये आणि अपेक्षित आउटपुट दुसऱ्या फाइलमध्ये ठेवा. प्रोग्राम चालवताना ‘<’ या चिन्हाने इनपुट फाइल द्या, ‘>’ ने आउटपुट तिसऱ्या फाइलमध्ये घ्या आणि दोन आउटपुट फाइली ‘डिफ’ या कमांडने ताडून पाहा. जो फरक डोळ्यांना दिसत नाही तो तिथे दिसतो.

दुसरं कारण इनपुटचं. प्रश्नात दोन संख्या एकाच ओळीवर असतील आणि तुम्ही दोन वेळा स्वतंत्र ओळ वाचत असाल, तर पायथन ‘३ ५’ ही अख्खी ओळ पूर्णांकात बदलायला जातो आणि एरर देतो. आणि बदलायचंच विसरलात तर ३ आणि ५ ची ‘बेरीज’ ३५ येते, कारण वाचलेली किंमत मजकूर असते.

तिसरं, प्रिंट आणि रिटर्न. प्रश्नात ‘फंक्शनने किंमत परत द्यावी’ असेल आणि तुम्ही ती छापत असाल, तर पडद्यावर उत्तर बरोबर दिसतं. यंत्रणेच्या हाती मात्र ‘नन’ (None, म्हणजे ‘किंमत नाही’) लागतो. पहिल्या सत्रात आम्हाला सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच.

मग ‘माझ्याकडे चालतं’ची खरी कारणं. फाइलचा पूर्ण पत्ता कोडमध्ये लिहिलेला असतो, तो फोल्डर सर्व्हरवर नसतो. विंडोज फाइलच्या नावात लहान-मोठी लिपी सहसा सारखीच मानतं, लिनक्स मानत नाही. जावात पब्लिक क्लासचं आणि फाइलचं नाव तंतोतंत एक लागतं. सीमध्ये सुरुवातीची किंमत न दिलेला व्हेरिएबल तुमच्या मशीनवर योगायोगाने ० असतो, दुसरीकडे काहीही असू शकतो. १० घटकांच्या अ‍ॅरेत १० हा निर्देशांक वापरणंही तसंच, कारण निर्देशांक ० ते ९. कंपाइल करताना नेहमीचे बरेचसे इशारे (वॉर्निंग) दाखवणारा ‘वॉल’ (-Wall) हा पर्याय चालू ठेवा आणि एकही इशारा शिल्लक ठेवून सबमिट करू नका.

शेवटी वेळमर्यादा. १,००,००० संख्यांतली प्रत्येक जोडी तपासलीत तर सुमारे ५०० कोटी तुलना होतात. पायथनमध्ये हे काही सेकंदांत होणं शक्य नाही. आधी यादी क्रमाने लावा किंवा सेट वापरा.

एवढं पाहूनही शून्यच असेल तर शिक्षकांना जरूर लिहा, पण सोबत इनपुट, तुमचं आउटपुट आणि अपेक्षित आउटपुट द्या. ‘चालत नाही’ एवढ्यावर कोणीच मदत करू शकत नाही.

प्रश्न: मी आणि मैत्रिणीने एकत्र बसून असाइनमेंट केली, नंतर व्हेरिएबलची नावं बदलली. तरी दोघींना बोलावणं आलं. हे कसं कळतं?

कॅलिफोर्निया विद्यापीठात (बर्कली) १९९४ मध्ये तयार झालेलं ‘मॉस’ आणि त्याच्यासारखी साधनं मजकूर नव्हे, रचना ताडतात. नावं, मोकळ्या जागा, टिपा बाजूला काढल्यावर जे उरतं त्याचे लहान तुकडे करून ते सगळ्या विद्यार्थ्यांच्या तुकड्यांशी जुळवले जातात. फंक्शनांचा क्रम बदलूनही तुकडे तेच राहतात. साधन फक्त साम्य दाखवतं, निर्णय शिक्षक घेतात. म्हणून बोलावल्यावर खरं ते सांगा: काय एकत्र केलं, काय वेगळं. नावं बदललीत हेही सांगा. लपवलेलं नंतर उघड झालं तर प्रकरण जास्त बिघडतं.

पुढच्या वेळी चर्चा जरूर करा, पण कल्पनेपुरती. चर्चेत लिहिलेला कागद घरी नेऊ नका आणि तासाभराने एकट्याने कोड लिहा. मित्राचा कोड पाहून त्याची चूक दाखवणंही टाळा, पाहिलेली रचना डोक्यात राहते. एआय साधनांसाठी तुमच्या अभ्यासक्रमाचा नियम आधी वाचा. परवानगी असली तरी एररचा अर्थ विचारणं वेगळं आणि उत्तर लिहून घेणं वेगळं. लिहून घेतलेलं उत्तर तोंडी परीक्षेत लगेच उघडं पडतं: ‘ही अट काढली तर काय होईल?’ एवढाच प्रश्न पुरतो.

प्रश्न: रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणं, डोक्यातच शिरत नाही. सोडून दिलं तर चालेल?

चालणार नाही, आणि तशी गरजही नाही. फॅक्टोरियल(४), म्हणजे ४ × ३ × २ × १, यासाठी कागदावर चार चौकटी एकाखाली एक काढा, प्रत्येकीत तिची स्वतःची ‘न’ लिहा. तळाच्या चौकटीत न = १, ती १ परत देते; मग वर २, ६, २४. चौकट वेगळी म्हणजे ‘न’ही वेगळी, गोंधळ होतो तो इथेच. लिहिताना थांबण्याची अट सर्वांत आधी लिहा. ती चुकली तर पायथन साधारण १००० पातळ्यांवर एरर देऊन थांबतो. ‘रिटर्न’ विसरलात तर मधली चौकट ‘नन’ देते आणि तिच्या वरचा गुणाकार फसतो. फिबोनाची(५) साध्या, ० आणि १ वर थांबणाऱ्या रिकर्शनने काढताना फंक्शन एकूण १५ वेळा बोलावलं जातं. त्याचं झाड काढून मोजा, हा प्रश्न परीक्षेत अनेकदा विचारतात.

प्रश्न: दोन तासांत ६० गुणांचा पेपर पुरा होत नाही. अर्धवट कोड लिहावा का?

लिहावाच. वेळ अशी वाटा: १० मिनिटं वाचायला, १० शेवटी तपासायला. उरलेल्या १०० मिनिटांत एका गुणाला १०० सेकंद येतात, म्हणजे १२ गुणांच्या प्रश्नाला २० मिनिटं. वीस झाली की पुढे जा. अडलेल्या जागी एका फंक्शनचं नाव लिहा, ते काय घेतं आणि काय परत देतं ते एका ओळीत सांगा, आणि ते आहे असं धरून उरलेला कोड पूर्ण करा. इनपुट, लूपच्या मर्यादा, निकाल परत देणं यांना बरेच परीक्षक वेगळे गुण ठेवतात. कोरी जागा सोडली तर तेही जातात. तपासण्याच्या १० मिनिटांत प्रत्येक कोडवर रिकामी यादी, एकच घटक आणि सगळे घटक सारखे, या तीन इनपुटांचा तक्ता मनात फिरवा.

प्रश्न: कागदावर पायथनचं इंडेंटेशन कसं दाखवायचं?

एक ओळ सोडून एक लिहा, म्हणजे मागाहून सुचलेली ओळ घुसवता येते. प्रत्येक पातळीला अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडा आणि लूप किंवा अट जिथे सुरू होते तिथून जिथे संपते तिथपर्यंत डावीकडे एक उभी रेघ ओढा. पान बदलताना नव्या पानावर त्या रेघा वरून पुन्हा सुरू करा. रिटर्नची ओळ लूपच्या आत आहे की बाहेर हे परीक्षकाला त्या रेघेवरूनच कळतं.