ईस्टरची सुट्टी आणि घरचे बेत

प्रिय बाळा,

तुझं पत्र वाचलं. जोडून सुट्टी आली म्हणून घरच्यांनी सगळ्यांनी मिळून बाहेर जायचं ठरवलंय, निघायचं गुड फ्रायडेच्या सकाळी, आणि तुझ्या मनात सरळ नाही म्हणून टाकायचं आहे. तसं एवढ्यात कळवू नकोस.

क्रुसावर असताना येशूने आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवलं, हे बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायात आहे. म्हणजे ज्या शुक्रवारसाठी घरात वाद होणार, त्याच शुक्रवारी, तसल्या यातनांतही, त्याने आईची सोय लावली. मार्काच्या 7व्या अध्यायात तर आईबापांना द्यायचं ते ‘देवाला अर्पण केलं’ म्हणत हात झटकणाऱ्यांना त्याने चांगलंच खडसावलंय. भक्तीच्या नावाखाली घरच्यांचं मन मोडणं मला म्हणूनच पटत नाही.

पण शुक्रवार सोडून दे, असंही मी म्हणणार नाही. तो दिवस प्रवासात घालवून एकदम रविवारच्या जेवणाला बसलं, तर तो आनंद नेमका कशाचा, हेच मनाला उमगत नाही.

तेव्हा मागायच्या त्या दोनच गोष्टी माग. शुक्रवारी दुपारी बारा ते तीन, म्हणजे अंधार पडल्याचं शुभवर्तमानात सांगितलंय ते तीन तास. बऱ्याच चर्चमध्ये तेव्हा उपासना असते. आणि रविवारची सकाळ. सकाळऐवजी दुपारी चारला निघता येईल का, विचार. नाहीच जमलं तर मागाहून जा. मुक्कामाजवळ चर्च कुठे आहे, उपासना किती वाजता आहे, हे आधीच फोन करून विचारून ठेव. ऐनवेळी शोधाशोध केली की सगळ्यांचा खोळंबा होतो आणि तोंडं वाकडी होतात. त्या वेळी तिथे असणं तुला का हवंय, तेही मोकळेपणी सांग. कुणी बरोबर येतो म्हणालं तर ने, ओढून नेऊ नकोस.

बाकी जेवण, फिरणं, उशिरापर्यंतच्या गप्पा, सगळ्यात मनापासून रहा. येशू पुन्हा उठला त्याच रविवारी संध्याकाळी अम्माऊस गावाच्या वाटेवरच्या दोघा शिष्यांनी त्याला ओळखलं ते जेवायला बसल्यावर, त्याने भाकर मोडली तेव्हा. आणि ईस्टरचा काळ पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, 50 दिवसांचा असतो, सगळं एका दिवसात कोंबायची गरज नाही.

तारखेचं मात्र पुढच्या वेळी तूच बघ. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा चर्चचा हिशोब असल्याने ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलमध्ये कधीही येतो. 2026 मध्ये 5 एप्रिल, 2027 मध्ये 28 मार्च. घरच्यांच्या ते लक्षात कसं राहणार? नवीन वर्ष लागताच, तिकिटं काढायच्या आधी, त्यांना सांगत जा.

आता आधी ताईला फोन कर. गाडी तिनेच ठरवलीय ना? वेळ बदलायची तर तिला आजच कळायला हवं.

सप्रेम आशीर्वाद.