मूकपटाची 'टॉकीज' आणि मंडईचा मांडव

प्रश्न असा आहे: जुन्या पुण्यावरच्या एका लेखात '१९२०च्या सुमारास लोक आर्यन टॉकीजमध्ये मूकपट पाहायचे आणि येताना मंडईत शॉपिंग करायचे' असं वाक्य आहे. त्या काळी 'टॉकीज' म्हणत का? आणि 'शॉपिंग'ला तेव्हाचा शब्द कोणता?

नाही म्हणत. म्हणणार कसे? 'टॉकी' म्हणजे बोलणारा सिनेमा. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' गिरगावातल्या मॅजेस्टिकला लागला १४ मार्च १९३१ रोजी आणि मराठीतला 'अयोध्येचा राजा' आला १९३२मध्ये. त्याआधीच्या थेटराला टॉकीज म्हणणं म्हणजे पानिपतची बातमी पुण्यात तारेने पोचली असं लिहिण्यातली गत. तरी 'पुण्यातली पहिली टॉकीज आर्यन' हे वाक्य मी आजवर इतक्यांदा वाचलं आहे की आता चिडायचाही कंटाळा येतो. आर्यन सुरू झालं १९१५ साली, गंगाधरपंत पाठकांनी सुरू केलेलं. त्याला आर्यन सिनेमा म्हणा, थेटर म्हणा, नुसतं 'आर्यन' म्हणा. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत जिथे लागला त्या जागेच्या नावातही 'कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ' आहे, टॉकीज नाही.

'टॉकीज' या शब्दावर माझा राग नाही, हे आधी सांगून ठेवतो. इंग्रजीतलं अनेकवचन उचलून आपण त्याचं बिनदिक्कत एकवचन केलं, वर सिनेमाचं नाव इमारतीला दिलं. अलका टॉकीजचा चौक म्हटलं की पुणेकराला पत्ता कळतो. फक्त तो शब्द १९३१च्या मागे ढकलू नका.

तीच गोष्ट 'मूकपट'ची. यंत्रमाग येईपर्यंत हातमागाला कोणी हातमाग म्हणत नव्हतं, तो नुसता माग होता. सिनेमा बोलू लागल्यावरच आधीचा मुका ठरला. आणि मुका तरी कसला? पडद्याखाली पेटी-तबला चाललेला, पडद्यावरच्या पाट्या वाचता येणारा न येणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवतोय, राक्षस आला की पोरं किंचाळतायत. त्या थेटराइतकी शांतता आजच्या मंडईतही मिळेल.

आता मंडई! लेखकाने या वाक्यातला एकच शब्द बरोबर वापरला आणि प्रश्नकर्त्याने नेमकं त्याबद्दलच विचारलं नाही.

'मंडई' हा शब्द 'मांडणे'वरून आला, भाजीवाल्या माल मांडून बसतात म्हणून मंडई, असं भले भले जाणकार सांगतात. ऐकायला गोड आहे, पण व्याकरणाला विचारा. लढणे-लढाई, चढणे-चढाई, शिवणे-शिवणाई नव्हे, शिलाई. म्हणजे क्रियापदाला 'आई' लागतं आणि त्यातून काम किंवा कामाची मजुरी निघते, जागा नाही. त्या हिशेबाने मांडणेवरून 'मंडाई' व्हायला हवी होती. ती कुठे आहे? हा काना कोणी खाल्ला, याचं उत्तर मला 'मांडणे'वाल्यांकडून अजून मिळालेलं नाही.

खरा धागा आहे 'मण्डपिका'. म्हणजे छोटा मंडप. दहाव्या शतकाच्या आसपासच्या उत्तर आणि पश्चिम हिंदुस्थानातल्या शिलालेखांत हा शब्द येतो तो जकात घेण्याची जागा, बाजाराचं ठाणं या अर्थाने. माल आला की तिथल्या मांडवाखाली उतरायचा, त्यावर कर लागायचा, मग विक्री. जिथे जकात तिथे गर्दी, जिथे गर्दी तिथे बाजार. मग 'प'चा 'व' झाला, जसा दीपचा दिवा, कपाटाचं कवाड, मंडपाचा मांडव. मण्डपिकेची 'मांडवी' झाली. मुंबईतली मशीद बंदराजवळची मांडवी तीच, कच्छचं मांडवी बंदर तेच. 'वी'चा 'ई' करायला मराठी तोंडाला काही कष्ट नाहीत. विळ्याला इळा आणि विसाला ईस म्हणणारी माणसं आजही आहेत. झाली मंडई. हिंदीतली मंडी ही तिची सख्खी बहीण. आपण ती हिंदीतून उसनी आणली असं म्हणणाऱ्यांनी मुंबईच्या मांडवीचं काय करायचं तेही सांगावं.

आता माझं एक लाडकं मत, पटलं तर घ्या. सिनेमाही आधी गावोगाव मांडवातच फिरला. तंबू ठोकायचा, आत कापड टांगायचं, दाराशी तिकीट. मण्डपिकेत तरी वेगळं काय होतं? मांडव आणि दाराशी वसुली! आर्यन मंडईला खेटून उभं राहिलं ते जागा मिळाली म्हणून, हे मला ठाऊक आहे. पण शब्दाच्या दृष्टीने पाहिलं तर मांडवाची दोन लेकरं शेजारी नांदत होती. यावर एका मित्राने 'मग लग्नही मंडईतच लावा' असं सुनावलं. लावा की, मांडव तोच आहे.

पुढचा विनोद काळाने केला. मंडईची इमारत १८८६ची, सरकारी नाव रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. पुढे तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. पण रिक्षावाल्याला दोन्हींतलं काहीच सांगावं लागत नाही, 'मंडई' पुरतं. आर्यन १९८३ साली पाडलं. तिथे आणि शेजारच्या मिनर्वा थेटराच्या जागी वाहनतळ झाले, त्यांना रीतसर नावंही दिली. तरी परवा गणपतीच्या खरेदीला गेलो तेव्हा पंचविशीतला पुतण्या फोनवर विचारत होता, "काका, गाडी आर्यनला लावू की मिनर्वाला?" त्याने दोन्हींपैकी एकही थेटर पाहिलेलं नाही.

हो, 'शॉपिंग'चं राहिलं. मंडईत शॉपिंग होत नाही. बाजार करतात किंवा बाजारहाट करतात. त्यात बाजार फारसी आणि हाट संस्कृत 'हट्ट'वरून, अर्थ एकच, पण बाजारहाट म्हटलं की पिशवी हातात आल्यासारखी वाटते. तेव्हा वाक्य असं दुरुस्त करा: 'लोक आर्यनला सिनेमा पाहायचे आणि येताना मंडईतून बाजार करून यायचे.'