७४ वर्षांची आई एकटी राहते, खाणं कमी झालंय. प्रथिनं किती हवीत?

वजनाच्या दर किलोमागे रोज किमान १ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या आईंना ५५ ग्रॅम, तेही तिन्ही वेळच्या खाण्यात विभागून. ‘एस्पेन’ या युरोपीय पोषणतज्ज्ञ संस्थेची ज्येष्ठांसाठी हीच शिफारस आहे, कारण वयानुसार स्नायू झपाट्याने झिजतात. सकाळी नुसता चहा-बिस्किटं नकोत. दूध, अंडं किंवा डाळीचं काहीतरी पोटात जाऊ द्या. आधी कवळी सैल झालीय का, तेही बघा. चावताना दुखलं की माणूस न सांगता जेवण कमी करतो. घड्याळाचा पट्टा ढिला झाला असेल तर लगेच वजन करा. मात्र मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका.