पार्किंगमधली स्कूटर

प्रश्न : वय 51. मार्चमध्ये हौसेनं स्कूटर घेतली, पक्कं लायसनही मिळालं, पण गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्येच उभी. आई नारायण पेठेत एकटी असते, तिच्याकडे जायला दर वेळी रिक्षावाल्यांशी हुज्जत. दोनदा निघाले, पण नळस्टॉपजवळ मागून हॉर्न वाजायला लागले की तळहात घामेजतात आणि मी गाडी वळवते. मुलगा म्हणतो, "कम्फर्ट झोन सोड, एकदा गर्दीत घाल, भीती जाईल." असं सोसल्यानं माणूस खरंच घडतं का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : चिरंजीवांना सांगा, तू आधी आजीसमोर बसून अख्खी रामरक्षा म्हणून दाखव, मग माझ्या कम्फर्ट झोनचं बघू.

ताई, मी 47व्या वर्षी शिकले. पहिल्याच आठवड्यात ब्रेकऐवजी रेस पिळली आणि गल्लीतल्या दुधाच्या क्रेटवर जाऊन आदळले. गुडघा आठ दिवसांत बरा झाला. शेजारणीचं "कशाला हवंय या वयात?" अजून ठणकतं. मग आमच्या ह्यांनी "एकदा होऊन जाऊ दे" म्हणत मला ऐन गणपतीत लक्ष्मी रस्त्याकडे नेलं. त्यानंतर पाच महिने मी किल्लीला हात लावला नाही. म्हणजे सोसलं भरपूर, घडलं काहीच नाही.

1924 साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या पोराची सशाची भीती घालवली, त्याची हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांनी ससा उचलून त्याच्या मांडीवर टाकला नाही. पोरगं आवडीचं खात असताना पिंजरा लांब ठेवायचा, मग जरा जवळ, मग आणखी जवळ. शेवटी तो सशाला कुरवाळायला लागला.

तुमचं घोडं अडलंय ते वळण्यापाशी. भीती टिपेला पोचलेली असताना तुम्ही माघारी फिरता, लगेच हायसं वाटतं आणि मन गाठ मारून ठेवतं, वळले म्हणून वाचले. पुढच्या वेळी तळहात नळस्टॉपच्या आधीच घामेजतात.

तेव्हा रविवारी सकाळी साडेसहाला निघा. घाम फुटला तर डावीकडे घ्या, गाडी बंद करा, हँडलवरची पकड सैल होईपर्यंत थांबा. मग पुढेच जा, डेक्कनपर्यंत. चहा प्या, परत या. कंटाळा येईपर्यंत दर रविवारी तेवढंच. कंटाळा आला की वेळ बदलून नऊची करा. मग झेड पूल. तो फक्त दुचाक्यांचा, त्यामुळे मागे पीएमपीची बस नसते आणि उतरलात की आईचं घर आलंच. मी पहिल्यांदा तो रामरक्षा म्हणत ओलांडला. निम्मीही झाली नव्हती, पूल संपला.

मात्र खडकवासल्यातून पाणी सोडलंय आणि भिडे पूल बुडालाय, किंवा पहिल्या पावसानं रस्ता निसरडा झालाय, अशा दिवशी पोटात गोळा आला तर त्याचं ऐका. मुकाट्यानं रिक्षा करा, हुज्जत घालून का होईना.

आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण घरीच दोनदा उघडून बघा. माझं पंपावर उघडेना, मागे पंधरा गाड्या, आणि त्यातल्या एका गाडीवर तीच शेजारीण.