एच६१ मदरबोर्डवरचा पेंटियम जी२०३० प्रोसेसर काढून आय३-३२२० टाकावा की आय५-३४७०? की दुकानदार म्हणतो तसा नवीनच कॉम्प्युटर घ्यावा?

"भंगार झालंय, नवीनच घ्या" असं दुकानदार म्हणाल्याचं तुम्ही लिहिलंय. ते वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो.

आय३ घेऊ नका. त्यात कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) तुमच्या आत्ताच्यासारखे दोनच, म्हणजे आहे तिथेच थोडं पुढं सरकाल. ३४७० मध्ये खरे चार कोअर आहेत, ३.२ गिगाहर्ट्झ, गरजेला ३.६ पर्यंत जातो. पण त्याच्याही आधी हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवाली वेगवान डिस्क, टाका. एच६१ वर साटाचा (डिस्क जोडायच्या पोर्टचा) वेग सेकंदाला ३ गिगाबिटच मिळतो, तरी हार्डडिस्कशी तुलनाच नको.

माझं कराडला डीटीपीचं काम आहे. २०१२ मध्ये हिला भिशी लागली, त्या पैशातून पहिलं मशीन घेतलं. तुमच्यासारखाच एच६१ बोर्ड आणि पेंटियम जी६२०. नऊ वर्षं त्यावर पत्रिका, कार्यअहवाल, दशक्रियेच्या जाहिराती, सगळं केलं. पुढं पुढं कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली फोटोवाली पत्रिका पीडीएफला टाकली की मशीन गपगार व्हायचं आणि गिऱ्हाईक स्टुलावर ताटकळत बसायचं.

मेव्हणा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. दिवाळीला आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, हे भंगारात घाला. हप्त्यावर नवीन घ्या, मी लिंक पाठवतो." ही तिथेच फराळाची ताटं भरत होती. तिच्या भिशीचं मशीन, आणि तिच्याच भावाच्या तोंडून भंगार. ती काही बोलली नाही, पण मला ते लागलं.

डिसेंबरात पत्रिकांची कार्डं आणायला गिरगावात खाडिलकर रोडला गेलो होतो. तिथून चालत लॅमिंग्टन रोड गाठला आणि जुना ३४७० घेतला, अडीच हजारांना. दुकानदाराला म्हटलं, समोर बोर्डवर लावून दाखव. दाखवला, तेव्हाच पैसे दिले. तुम्हीही असंच करा, आणि प्रोसेसरवर कोरलेला नंबर पुरता वाचा. शेवटी 'टी' असेल तर परत द्या. ३४७०टी हा दोनच कोअरचा निघतो, नाव मात्र आय५.

घरी येऊन बसवला. पंखा फिरतोय, स्क्रीन काळी. रॅम काढून खोडरबरनं घासून लावली, तरी तेच. मेव्हण्याचा फोन आला, त्याला सांगितलं, तर म्हणाला, "सांगितलं होतं ना." रात्री डोकं शांत झाल्यावर लक्षात आलं. माझा जी६२० इंटेलच्या सँडी ब्रिज पिढीचा, ३४७० त्यापुढच्या आयव्ही ब्रिज पिढीचा, आणि बोर्डचा बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) २०११ चा. नव्या पिढीची ओळखच त्याला नाही. जुना प्रोसेसर परत बसवला, बायोसची नवी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन अपडेट करायला बसलो. मधेच लाइट गेली तर बोर्डच जाईल, म्हणून शेजारच्या मेडिकलवाल्याकडून इन्व्हर्टरची लाइन घेतली. अपडेटची पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत पोचेपर्यंत मी आणि ही दोघंही स्क्रीनसमोरून हललो नाही. मग ३४७० बसवला आणि पहिल्या झटक्यात चालू झाला. तो आजही चालतोय. तुमचा जी२०३० मुळातच आयव्ही ब्रिज आहे, त्यामुळे हा त्रास तुम्हाला सहसा होणार नाही.

पगारदार माणसाला हप्ता म्हणजे महिन्याची एक नोंद असते. लग्नसराईवर घर चालणाऱ्याला तो जून ते ऑक्टोबर गळ्याशी येतो. मशीन जुनं आहे की नवं, हे त्यावर रोज बसणाऱ्यानं ठरवावं. दिवाळीला दोन दिवस येणाऱ्यानं नव्हे.

आता काही गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. बोर्डवरचे कॅपॅसिटर फुगले असतील तर एक रुपयाही घालू नका. जी२०३० ५५ वॅटचा आहे, ३४७० ७७ वॅटचा. म्हणजे तो जास्त तापणार, तेव्हा प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावा, हीटसिंकच्या चारही खुंट्या नीट बसल्यात का बघा. एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) लोकल असेल तर तोही बदलावा लागेल. रॅम ८ जीबी करा. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचे, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर चालतात, ३४७० त्यात बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे बँकेची कामं करत असाल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम टाका, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात व्यवस्थित चालतं. कोरल मात्र त्यावर चालत नाही, म्हणून मी विंडोज १० ठेवलंय आणि त्या मशीनला इंटरनेटच देत नाही. व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल, तर तुमच्या दुकानदाराचं बरोबर आहे.

आणि जी२०३० दोनशे-तीनशे रुपयांसाठी विकू नका. बोर्डला कधी काही झालं तर तपासायला तोच उपयोगी पडतो. माझा जी६२० अजून ड्रॉवरमध्ये आहे, हिच्या कानातल्यांच्या डबीत, कापसावर ठेवलेला.